बोरुगाचं दावं

१

तामलवाडीच्या सिदूला कुणी विचारलं, की गड्या, तुला जगात सगळ्यात जास्त काय आवडतं, तर तो आधी मटण म्हणायचा. मग जरा थांबून, लाजत म्हणायचा, "आन् रणजीवचा बत्तिसावा भाग." विचारणारा त्याच्या तोंडाकडं बघतच राहायचा. तिशी ओलांडलेला बाप्या, विजेच्या खात्यात वायरमन, भर वाऱ्यात खांबावर चढला की खाली उभ्या असलेल्यांनी देवाचं नाव घ्यावं, आणि हा बोलतोय पोरासोरांच्या कार्टूनबद्दल!

पण हसणाऱ्यांनी तो भाग बघितलेला नव्हता, ही खरी गोम होती. रणजीव म्हणजे जपानहून आलेलं आणि हिंदीत बोलणारं कार्टून. त्यात केन्जो नावाचा पोरगा गावोगाव हिंडायचा. त्याच्यासोबत बोरुगा असायचा. बोरुगा म्हणजे बुटका, छातीनं रुंद, एडक्यासारख्या वळलेल्या शिंगांचा प्राणी. डोळे मात्र शहाण्या माणसाचे. पोरं आपापले प्राणी घेऊन रिंगणाच्या दोन बाजूंना उभी राहायची, हाका मारून त्यांना जोर द्यायची आणि प्राणी टकरी घ्यायचे. सिदूच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. टकरीचे एडके त्यानं कळायला लागल्यापासून पाहिलेले. लहानपणी संध्याकाळी मेंढरं कोंडली की हा धूळभरल्या पायांनी ग्रामपंचायतीच्या टीव्हीपुढं जाऊन बसायचा. साडेपाचला कार्टून लागायचं. त्या अर्ध्या तासात कुणी कितीही हाका मारू देत, सिदू उठायचा नाही.

आणि बत्तिसावा भाग! त्यात एका लांबच लांब लाकडी पुलावर केन्जोला एक उंच माणूस भेटतो. टोपीची कड एवढी खाली ओढलेली की तोंड दिसतच नाही. त्याला सगळे मुसाफिर म्हणतात. अट अशी, की जो हरेल त्यानं आपला सोबती द्यायचा. बोरुगा तीनदा पडतो. केन्जो ओरडतो, "उठो!" आणि तो तीनदा उठतो. चौथ्यांदा उठत नाही. मग मुसाफिर मागून येतो, वाकतो, बोरुगाच्या गळ्यातला पट्टा सोडतो, त्याच्या चार घड्या घालतो आणि केन्जोच्या दोन्ही हातांवर ठेवतो. बोरुगाला घेऊन पूल ओलांडून जातो. गाणं नाही, ढोल नाही, नुसता वारा. आणि ते दहा वर्षांचं पोर रडत नाही. ते पट्टा कपाळाला लावतं आणि ताठ उभं राहतं.

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा सिदूच्या अंगावर सर्रकन काटा आला होता. कारण ही तर त्याच्या घरातली रीत! जनावर विकलं तरी दावं विकायचं नसतं. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. आपलं दावं जनावराच्या गळ्यातून सुटून आपल्या हातात आलं की ते कपाळाला लावायचं, घरी आणून खुंटीला अडकवायचं. दावं खुंटीला गेलं की सौदा पुरा झाला, मग रडारड नाही की माघार नाही. पोरगा सिदू त्या दिवशी घरी पळत आला होता आणि आईला म्हणाला होता, "माय, जपानमधी बी धनगर हायेत गं!"

२

तुळजापुरात कृष्णराजचं मोबाईलचं दुकान आहे. त्यानं कुठनं तरी तो भाग मिळवला आणि पेनड्राईव्हवर घालून दिला, तेव्हा सिदूनं त्याला तिथल्या तिथं मिठी मारली. पन्नास जण बघत होते, पण त्याला कसली लाज!

बायको वर्षाराणी तेव्हा अणदूरला माहेरी गेली होती, बहिणीच्या बाळंतपणाला. घरी म्हातारी आई गजराबाई आणि आठ वर्षांची सृष्टी. सिदूनं दोघींना टीव्हीपुढं बसवलं, पंखा मोठा केला, दार लोटलं. म्हातारीला हिंदी फारसं कळत नव्हतं, पण मुसाफिरानं पट्टा परत दिला तशी ती मान डोलवत म्हणाली, "माणूस रीतीचा दिसतोय."

सृष्टी पापणी न हलवता बघत होती. केन्जो ताठ उभा राहिला तसा सिदूनं तिला कोपरानं ढोसलं. "बघितलं का? रडला का त्यो? हरायचं तर असं हरायचं. ज्याचं त्याला हातानं द्यायचं आन् मान वर ठिवायची. शाळंत बी ध्यानात ठिव."

"व्हय पप्पा," सृष्टी म्हणाली. आणि लगेच, "परत लावा की."

बापाचं काळीज केवढं झालं म्हणता! आपल्याला जे आवडतं ते आपल्या लेकराला आवडावं, याच्यापरीस मोठं सुख काय असतं? त्यानं परत लावलं. दुसऱ्या दिवशीही लावलं. आठवड्याभरात पोरीला तो भाग तोंडपाठ झाला, श्वास कुठं घ्यायचा तेसुद्धा.

३

मग खेळ सुरू झाला. घरापुढं शहाबादी फरशीचं अंगण आहे, त्याला लोखंडी फाटक, फाटकाबाहेर कच्चा रस्ता आणि त्याच्या पलीकडं हायवे. साडेपाच वाजले की सृष्टी खडूनं फरशीवर मोठं रिंगण काढायची. एका अंगाला स्वतः उभी राहायची, पुढं बकरीचं करडू. मेंढरं कधीच विकली गेली होती, खुराचं जनावर म्हणून दारात आता एवढंच. करडाचं नाव भुंगा. फाटकाच्या अंगाला मोकळी जागा.

"तिकडं कोण हाय गं?" सिदूनं चपला काढता काढता विचारलं.

"मुसाफिर."

"अरे वा! मोठाच पैलवान गाठलास की!"

तो पायरीवर चहा घेऊन बसला. खेळ बघण्यासारखा होता, खोटं कशाला बोला. सृष्टी हाक मारायची, मग गप्प राहायची, समोरच्याची बारी संपेस्तोवर. ती गप्प राहण्याची वेळ इतकी नेमकी होती की सिदूला कौतुक वाटलं. लहान पोरं एकटी खेळतात तेव्हा समोरच्याची बारी घाईत उरकतात. ही उरकत नव्हती. ऐकून घेत होती.

मग भुंगा पडला. उभ्या जागी आडवाच झाला आणि चारी पाय झाडले. सृष्टी ओरडली, "उठो!" करडू उठलं. परत पडलं. परत उठलं. सिदूनं मांडीवर थाप मारली. "आयला, कसं शिकवलंस गं ह्याला? माय, भाईर ये, नात बघ तुझी! सर्कस काढंल ही!"

तिसऱ्यांदा पडलं तेव्हा मात्र चहाचा कप त्याच्या हातात तसाच राहिला. करडू पडताना फरशीवरनं हातभर मागं सरकलं होतं. पडणारं करडू खाली पडतं, मागं कसं सरकेल? आणि इतक्या वेळात त्यानं एकदाही बें केलं नव्हतं. फरशी गुळगुळीत आहे, खूर घसरले असतील, असं त्यानं मनाला सांगितलं. तेवढ्यात फोन वाजला, वरच्या आळीत डीपीचा फ्यूज गेला होता. सिदू पक्कड घेऊन निघाला.

तासाभरानं परत आला तर भुंगा नव्हता. गजराबाई गल्लीभर शोधून दमून बसली होती.

"नेला कुणीतरी," ती म्हणाली. "हायवेची माणसं. गाडी थांबिवली, उचलला, गेली. पर एक गोष्ट लई नवलाची, सिदू. त्याचं दावं पायरीवर ठिवून गेली."

"कुठं हाय?"

तिनं दाराच्या आत बोट दाखवलं. नवीन स्लॅबचं घर बांधताना म्हातारीनं हट्टानं भिंतीत एक लाकडी खुंटी ठोकून घेतली होती. तिच्यावर भुंग्याचं दावं लटकत होतं.

"चांगल्या चार घड्या घातलेल्या व्हत्या," गजराबाई म्हणाली. "म्या कपाळाला लावलं आन् ठिवलं. सवय हाय हाताला."

४

सिदूनं रात्रीचं जेवण झाल्यावर लेकीला जवळ घेतलं. "सृष्टे, भुंगा कुठं गेला गं?"

"दिला," ती म्हणाली. "हरले ना मी."

"कुणाला दिलास?"

पोरीनं त्याच्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू बापाची अक्कल गेली. "मुसाफिराला. मी रडले न्हाय पप्पा. आजीला विचारा."

आता यावर माणसानं काय करावं? सिदू हसला. मग रागावला, की अनोळखी माणसाला फाटक उघडायचं नाही, काय वाटेल ते झालं तरी. मग वर्षाराणीला फोन लावून सगळं सांगितलं आणि दोघांनी मिळून चोराला शिव्या घातल्या. चोरच तो. जनावर नेतो आणि दावं ठेवतो, म्हणजे दाव्यावरनं ओळख पटू नये म्हणून. हुशार असतात साले. हे कारण इतकं चोख बसलं की त्याला छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी त्यानं तुळजापुरातनं साखळी आणि कुलूप आणलं. घरी टायगर नावाचा कुत्रा होता, गल्लीत त्याच्यापुढं कुणाची टाप नव्हती. त्याच्या गळ्यात साखळी घातली, फाटकाच्या खांबाला गुंडाळली, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. "आता या म्हणावं."

मंगळवारी सबस्टेशनला काम निघालं. पाच ते सहा तामलवाडीचा अख्खा फीडर बंद होता, गावात कुठंच लाईट नव्हती. बंद करणारा सिदू स्वतःच. साडेपाच झाले तसं त्याला राहवेना. त्यानं घरी फोन लावला.

"माय, सगळं बरं हाय ना?"

"बरं हाय की. का रं?"

तिच्या आवाजामागं काहीतरी चालू होतं. सिदूनं फोन कानाला दाबून धरला. वारा होता. लांब, मोकळ्या जागेतला, लाकडांतनं शिट्टी घालत जाणारा वारा. तो त्याला कुठंही ओळखू आला असता. बत्तिसाव्या भागातली शेवटची दोन मिनिटं.

"टीव्ही बंद कर, माय."

"कशाचा टीव्ही? लाईट तुझ्याच खात्यानं न्हेलीय न्हवं?"

"मग वारं कशाचं हाय?"

"कुठलं वारं? पान बी हलंना. लई उकडायलंय. सृष्टी भाईर खेळायलीय टायगरसंगं. लई गुणाची हाय बघ, अजाबात तरास न्हाय."

वायर अंगावर पडली तरी जो माणूस डोकं शांत ठेवतो, तो सोबत्याला "लाईन तूच चालू कर" एवढं सांगून गाडीवर बसला. दहा मिनिटांचा रस्ता त्यानं पाच मिनिटांत काढला. येताना उसाच्या पाल्याकडं, लिंबाकडं, विजेच्या तारांकडं, सगळीकडं बघत आला. खरंच, पान हलत नव्हतं.

अंगणात रिंगण होतं. फाटक लावलेलं होतं, आतून कडी. टायगर नव्हता. सृष्टी पायरीवर बसून गुडघ्यावरचा खडू झाडत होती.

तो तिला ओलांडून आत गेला. खुंटीवर साखळी लटकत होती. चार घड्या. कुलूप तिला तसंच होतं, लागलेलं. सिदूनं खिशात हात घातला. किल्ली खिशातच होती.

५

पेनड्राईव्ह त्यानं पाट्यावर ठेवून वरवंट्यानं ठेचला. सृष्टी शेजारी उभी राहून बघत होती. रडली नाही, ओरडली नाही.

"असू द्या पप्पा," ती उलट त्यालाच समजावू लागली. "मला पाठ हाय सगळं."

सिदूनं तिला समोर बसवलं. आवाज चढणार नाही याची काळजी घेतली. "सृष्टे, आता हे खेळायचं न्हाय. बंद."

"एकच बारी राहिलीय. त्येनं सांगितलंय, उद्या शेवटची. मी जिंकले तर भुंगा आन् टायगर दोन्ही परत." ती बोटांवर हिशेब सांगत होती. "पर सोबती पायजे. चांगला, ताकदीचा. आता जनावर कोण राहिलंय आपल्याकडं?" आणि असं म्हणून ती वळली आणि गजराबाईकडं बघू लागली. गजराबाई खाली मान घालून तांदूळ निवडत होती. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला देवाचा टाक होता. पोरगी त्या दोऱ्याकडं बघत होती.

"आजी, तू येशील?"

"येईन की माझे बाई," म्हातारी तांदळातनं खडा उचलत म्हणाली. "कुठं यायचं?"

"आजी न्हाय!" सिदू एवढ्या जोरात ओरडला की सुपातले तांदूळ सांडले.

पोरीला शेजारी पाठवून त्यानं आईला सगळं सांगितलं. सांगताना त्याला स्वतःचाच राग येत होता. आपण वायरमन माणूस, करंट कुठनं येतो, कुठं जातो, हे आपल्याला कळतं, आणि आपण हे काय बोलतोय? पण म्हातारीनं मधे एकदाही "काय येड्यासारखं" म्हटलं नाही. तिचं तोंड पांढरं पडत चाललं होतं.

"सिदू," ती शेवटी म्हणाली, "दावं म्या अडकिवलं रं. दोन्ही बारीला. कपाळाला लावून. दावं ठिवून घेतलं म्हंजी आपली मर्जी झाली." तिनं खुंटीकडं बघितलं. "त्यो चोर असता तर बरं झालं असतं. चोराकडनं परत मागता येतंय."

दोघांनी मिळून दावं आणि साखळी काढली आणि फाटकाबाहेर नेऊन ठेवली. सकाळी दोन्ही परत पायरीवर होती. घड्या मोडलेल्या नव्हत्या.

सिदूनं वर्षाराणीला फोन केला. ती घाबरली, म्हणाली, "अहो, मी सांजच्याला येते. न्हायतर तुमीच सगळे इकडं निघून या, आत्ताच्या आत्ता." तोही तयार झाला होता, पिशवी भरायला घेतली होती. पण सृष्टी दारात उभी राहिली.

"त्यो अणदूरला बी येईल, पप्पा. मी शबुद दिलाय. केन्जो पळून गेला व्हता का?"

हे सगळं त्यानंच तर शिकवलं होतं. आणि अणदूरच्या घरात बाळंतीण होती, सहा दिवसांचं बाळ होतं. तिथं नेऊन कुणाच्या दारात रिंगण काढू द्यायचं?

मग त्याच्या डोक्यानं एक वाट काढली. करडू पडलं, कारण ते करडू होतं. कुत्रा पडला, कारण मुकं जनावर लेकराच्या आवाजाला भुलतं. रिंगणात एकदा मोठा, शहाणा, कळता माणूस उभा राहू दे. काही व्हायचं नाही. साडेपाचाचे सहा वाजतील, पोरगी कंटाळेल आणि भूत उतरेल. आणि समजा, काही झालंच, तर ते म्हातारीवर यायच्या ऐवजी आपल्यावर येईल.

"मी येतो," तो सृष्टीला म्हणाला. "तुझा सोबती मी."

पोरीचं तोंड असं फुललं की त्याला सगळं विसरायला झालं. ती त्याच्या कमरेला घट्ट बिलगली. "मग तर जिंकलोच!"

६

सव्वापाचला तो ड्युटीवरनं आला. अंगावर खाकी, गळ्यात ओळखपत्राचा निळा पट्टा. कपडे बदलायला वेळ नव्हता. वर्षाराणी अजून वाटेतच होती. गजराबाईला त्यानं दाराच्या आत बसवलं. "माय, काय बी झालं तरी खुंटीला काय अडकवायचं न्हाय. मी सांगतोय म्हणून. कुणी काय बी हातात दिलं तरी."

म्हातारीनं मान हलवली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

रिंगण आज नीट गोल होतं. सिदू मधे उभा राहिला. मागं सृष्टी. समोर फाटक, रस्ता, हायवेवरनं जाणारे ट्रक. हॉर्न वाजत होते. कुठं कुणी भांडी घासत होतं. त्याला हसू यायला लागलं. आपण अंगणात पोरीच्या खेळात उभे आहोत आणि घाबरून घाम फुटलाय!

मग हॉर्न थांबले. ट्रक जात होते, पण आवाज येत नव्हता. लिंबाचं पान हलत नव्हतं आणि वारा मात्र होता.

पहिला दणका छातीत बसला. लहानपणी त्याला एकदा टकरीच्या एडक्यानं उडवलं होतं. तोच दणका, तीच जागा. सिदू फरशीवर उताणा पडला. समोर कुणी नव्हतं. कुणीच नव्हतं, फक्त फाटकाच्या अलीकडं फरशीवर एक गोल सावली होती, मोठ्या कडेच्या टोपीची असावी तशी. टोपी कुठं नव्हती.

"उठो पप्पा!"

तो उठला. पडून राहिलो तर हरलो, हे त्याला तेवढ्यातही समजत होतं. त्यानं डोकं खाली घातलं, खांदे पुढं काढले आणि त्या सावलीवर धावून गेला. खरंच गेला. कशाला तरी धडकला, आणि क्षणभर ते काहीतरी मागं सरकलं.

"शाब्बास पप्पा!" सृष्टी किंचाळली, आणि गजराबाई आतून देवाचं नाव घ्यायला लागली.

दुसरा दणका बरगडीत. मग तिसरा. तोंडात रक्ताची चव आली. आता पुरे, असं त्याचं सगळं अंग सांगत होतं. पण मागनं हाक आली, आणि त्या हाकेत एवढा भरवसा होता, की बाप उठणार म्हणजे उठणारच, की सिदू हातांवर, मग गुडघ्यांवर, मग पायांवर आला. अख्ख्या आयुष्यात त्याच्यावर एवढा भरवसा कुणीच टाकला नव्हता. चौथ्यांदा पडला तेव्हा त्यानं खूप जोर लावला. सृष्टीही तीनदा, चारदा ओरडली. मग तिचं ओरडणं थांबलं.

मागून पावलं आली. लाकडावर वाजतात तशी, आणि खाली तर फरशी होती. कुणीतरी वाकलं. त्याच्या मानेला बोटं लागली. गरम नाही, थंड नाही, कोरडी, आणि अतिशय हळुवार. दुखणाऱ्या जनावराला हात लावतात तशी. त्या बोटांनी ओळखपत्राचा पट्टा मागं जोडलेला असतो तिथनं सोडवला.

सिदूला मान वळवता येत नव्हती. समोर लेकीचं तोंड तेवढं दिसत होतं. ती त्याच्या डोक्यावरनं वर, खूप वर, माणसाचं तोंड असतं त्याच्याही वर बघत होती. मग तिनं दोन्ही हात पुढं केले, आणि तिच्या तळव्यांवर निळा पट्टा आला, चार घड्या घातलेला.

त्याचे पाय उभे राहिले. त्यानं उभे केले नव्हते. फाटक उघडं होतं, आणि फाटकापलीकडं रस्ता नव्हता, फळ्या होत्या, एकापुढं एक, लांबपर्यंत. तो चालू लागला. आणि चालता चालता त्याच्या ध्यानात आलं, की एवढ्या वर्षांत, एवढ्या वेळा तो भाग बघून, आपण बघत राहिलो ते फक्त पोराकडं. बोरुगाला कुठं नेलं, पुलाच्या पलीकडं काय आहे, त्यानं वळून बघितलं का, हे आपल्या मनात कधी आलंच नाही.

तेवढ्यासाठी त्यानं जीव खाऊन मान वळवली.

दार उघडं होतं. आतलं सगळं दिसत होतं. गजराबाई दोन्ही हात पसरून खुंटीच्या पुढं उभी होती. "नगं गं पोरी, नगं! दे ते हिकडं, फेकून दे!"

माय, सोडू नको, सिदूला ओरडायचं होतं. तोंड उघडलं, पण त्यातनं शब्द आला नाही.

"आजी, सरक," सृष्टी म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण ती रडत नव्हती. "मी हरले. ज्याचं त्याला द्यायचं आसतंय. पप्पांनीच सांगितलंय."

तिनं कोपऱ्यातलं एक स्टूल ओढलं, भिंतीला लावलं आणि वर चढली. म्हातारीनं तिचा फ्रॉक धरला, पण त्या हातांत जोर उरला नव्हता. पोरीनं बापाचा पट्टा कपाळाला लावला, डोळे मिटून, नीट, क्षणभर. मग टाचा उंच केल्या आणि खुंटीला अडकवला.

स्टुलावरनं उतरली आणि दारात येऊन उभी राहिली. मान वर, डोळे कोरडे, ओठ घट्ट मिटलेले. केन्जोपेक्षाही ताठ. फळ्या पायाखालनं सरकत होत्या आणि ती लहान लहान होत चालली होती, तरी सिदू बघत राहिला. भीतीनं त्याचं काळीज फुटायला आलं होतं, आणि त्याच काळजात अभिमान मावत नव्हता. एवढी गुणाची पोर अख्ख्या तामलवाडीत नव्हती.